टॉर्च साँगला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: फॅनी ब्राइस या अमेरिकन ज्यू गायिकेवरच्या लेखाचं भाषांतर करतोय. ‘व्हॉडव्हिल’ला तमाशा आणि ‘टॉर्च साँग’ला मशालगीत असं लिहिलंय. चालेल का?

उत्तर: मशालगीत अजिबात नको. मशाल म्हटलं की आपल्याला मोर्चा आणि चळवळीची गाणी आठवतात. इंग्रजीत एखाद्यासाठी मशाल धरणं म्हणजे त्याच्याकडून काही मिळणार नाही हे कळत असूनही त्याच्यावर जीव टाकणं. यासाठी आपलं क्रियापद तयार आहे, झुरणं.

‘विरहगीत’ जवळचा वाटतो, पण विरहात माणूस दूर गेलेला असतो. ब्राइसचं ‘माय मॅन’ घ्या. मूळ गाणं फ्रेंच, पॅरिसमध्ये मिस्तँगेत या गायिकेनं गाजवलेलं. चॅनिंग पोलॉकनं इंग्रजी शब्द लिहिले आणि १९२१च्या ‘झीगफेल्ड फॉलीज’ या न्यूयॉर्कच्या रंगमंचावरच्या प्रयोगात ब्राइसनं ते म्हटलं. त्यातला पुरुष दूर वगैरे नाही. तो घरातच आहे, एकनिष्ठ नाही, मारतोसुद्धा. बाईला सगळं ठाऊक आहे, तरी ती त्याचीच. ब्राइसचा नवरा निकी आर्नस्टाइन तेव्हा रोखेचोरीच्या प्रकरणात अडकला होता (पुढे १९२४ ते १९२७ लेव्हनवर्थच्या तुरुंगातही होता), आणि हे प्रेक्षकांनी वर्तमानपत्रांत वाचलेलं होतं. तोवर लोक तिला हसायला यायचे. डोळे फिरवणं, वेडीवाकडी अंगविक्षेपी नाचगाणी ही तिची ओळख. तीच बाई हे गाणं विनोदाचा लवलेश न ठेवता गायली, आणि माझ्या मते तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. भाषांतरात हे निसटायला नको. म्हणून पहिल्यांदा ‘टॉर्च साँग, म्हणजे झुरणीचं गाणं’ असं लिहा, पुढे नुसतं टॉर्च साँग.

व्हॉडव्हिलला तमाशा म्हणू नका. तमाशात गण, गवळण, बतावणी असा क्रम असतो आणि शेवटी वगाची गोष्ट असते. व्हॉडव्हिलमध्ये गायक, जादूगार, कसरतपटू, शिकवलेली कुत्री एकामागून एक येऊन जातात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. आणखी एक. फॉलीज म्हणजे व्हॉडव्हिल नव्हे. तो निर्माता झीगफेल्डनं बसवलेला, थाटामाटाचा एकसंध प्रयोग होता. ब्राइस १९१०मध्ये त्यात आली ती बर्लेस्क या विनोदी, काहीशा चावट नाचगाण्यांच्या खेळांतून, आणि व्हॉडव्हिलच्या रंगमंचावरही ती गायली. लेखात या तीन गोष्टी वेगळ्या असतील तर तुमच्याकडेही वेगळ्याच ठेवा.

प्रश्न: आभार. लेखात तिच्या ‘यिद्दिश ढंगा’चा उल्लेख वारंवार येतो. वाचकांना सोपं जावं म्हणून ‘हिब्रू ढंग’ करू का?

उत्तर: नको, अर्थच बदलेल. यिद्दिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, लिपी हिब्रू पण भाषा जर्मन कुळातली. आपल्याकडे ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्रायली आठवतात. त्यांच्या घरात मराठी, यिद्दिश नाही. त्यामुळे एका वाक्यात खुलासा हवाच. त्यात हेही घाला की ब्राइसच्या घरची बोली यिद्दिश नव्हती. १९०९मध्ये गीतकार अर्व्हिंग बर्लिननं ‘सेडी सलोमी’ हे गाणं तिला दिलं, ते तिनं यिद्दिश हेल काढून म्हटलं आणि लोकांनी उचलून धरलं. तो हेल तिनं रंगमंचासाठी कमावलेला होता. म्हणून ‘यिद्दिश हेल’ लिहा. ढंगापेक्षा हेल हा शब्द नेमका बसतो.