विषय: आमच्या कुत्र्याला, बंड्याला, १४ तारखेपासून कोण ठेवून घेईल? (तातडीचं)

प्रेषक: अनघा
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन १६ ला ठरलंय. पुण्याची तिकिटं १४ डिसेंबरची मिळाली, परत १० जानेवारीला. त्याला सांभाळणाऱ्या नीलिमाताई पर्थला गेल्यापासून बंड्याची सोय हा प्रश्नच होऊन बसलाय. नेहमीच्या केनेलमध्ये (कुत्र्यांच्या पाळणाघरात) नाताळची जागा कधीच भरली. दुसऱ्या एका ठिकाणी आहे, पण त्यांना सी-फाइव्ह (कुत्र्यांची पाच रोगांवरची) लस हवी आणि तीही येण्याआधी दहा दिवस दिलेली. बंड्याची ऑक्टोबरात संपली. आज ८ तारीख. म्हणजे तेही गेलं.

नव्या सभासदांसाठी: केल्पी (मेंढ्या वळवणारी इथली जात) आणि लॅब्रॅडॉरचा क्रॉस, लॉस्ट डॉग्ज होम या शेल्टरमधून आणलेला, वय चार, वजन २४ किलो, नसबंदी झालेली, कातडीखाली ओळखीची चिप आहे. घरात घाण करत नाही. खाणं, औषध, डॉक्टरचा खर्च सगळा माझा. टारनेट, वेरिबी, कुठेही सोडायला येईन.

अनघा (पॉइंट कुक, मेलबर्न)


प्रेषक: सचिन
सोमवार, रात्री ११:०५

अनघाताई,

एरवी लगेच हो म्हटलं असतं, अंगण रिकामंच आहे. पण आर्या चारची, ईशान सातचा. मार्चच्या पिकनिकला लिंबू-चमचा चालू असताना बंड्याने पोरांना वळवत वळवत बार्बेक्यूच्या शेडपाशी नेऊन उभं केलं, हे सगळ्यांनी पाहिलं. लोक हसले. ईशानच्या पोटरीला मात्र दात लागले होते. रक्त नाही, लाल वण. स्मिता ते विसरलेली नाही. शिवाय घर भाड्याचं.

आठवडाभर वगैरे असेल तर बघतो. चार आठवडे अवघड आहे.

सचिन


प्रेषक: विद्याधर
मंगळवार, सकाळी ५:५०

सर्वांस नमस्कार,

पिकनिकचा उल्लेख आला म्हणून लिहितो. त्यानंतरच्या सभेत "दोरीशिवाय कुत्री आणू नयेत" असं ठरलं, इतिवृत्तात नोंद आहे. तेव्हा मला कुत्रेद्वेष्टा ठरवण्यात आलं. आमच्या साताऱ्याच्या घरी कुत्रा होता. अंगणात असायचा, भाकरी-ताक खायचा, दत्तजयंतीला त्याचं पान आधी वाढलं जायचं. तेव्हा कुत्र्यांचं मला कुणी शिकवू नये.

मुद्दा कायद्याचा आहे. आपल्या व्हिक्टोरिया राज्यात कुत्रा माणसाच्या अंगावर नुसता धावून गेला तरी काउन्सिल त्याला "मेनेसिंग" (धमकावणारा) ठरवू शकतं. मंडळाच्या कार्यक्रमात असं घडलं तर निस्तरणार कोण? पुढच्या पिकनिकची जागा मी शोधतो आहे, हे काम गेली कित्येक वर्षं मीच करतो, आणि कुत्री चालतील का हे विचारून कुणी माझा फोन गरम करू नये.

विद्याधर


प्रेषक: प्राजक्ता
मंगळवार, सकाळी ८:२०

अनघा, तुला तेव्हाच म्हटलं होतं, लहान मुलांच्या गोतावळ्यात राहायचं तर कॅव्हूडल (कॅव्हेलियर आणि पूडलचा संकर) घे. आमचा मोती बघ! केस गळत नाहीत, सासूबाईंना दमा असून त्रास नाही, कुणाच्या मागे धावत नाही. शेल्टरच्या कुत्र्याचे आईबाप कोण हेच माहीत नसतं, मग स्वभाव कसा कळणार? ब्रीडरकडे निदान दोन्ही बाजू दिसतात.

(मी ठेवला असता गं, पण मोतीला दुसरं कुत्रं घरात चालत नाही.)

प्राजक्ता


प्रेषक: मंदार
मंगळवार, दुपारी १२:४०

प्राजक्ता, मोती गोड आहे यात वाद नाही, पण "केस गळत नाहीत म्हणजे अ‍ॅलर्जी नाही" हे खरं नाही. अ‍ॅलर्जी करणारी प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात. केस गळाले की ती घरभर पसरतात एवढंच.

याची सगळी कथा आपल्या मेलबर्नचीच आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी इथल्या गाइड डॉग संस्थेत वॉली कॉनरन होते. हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचा त्रास. कॉनरननी लॅब्रॅडॉर आणि स्टँडर्ड पूडलचा संकर केला. पिल्लं झाली तीन. तिघांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तर त्या गृहस्थांना एकाचाच त्रास झाला नाही. एका वेताची तीन भावंडं, त्यातलं एकच! मग "ही जात अ‍ॅलर्जीला चालते" असं सरसकट कसं म्हणणार? पुढे जी डूडलांची (पूडलच्या संकरांची) लाट आली ती बघून कॉनरननी स्वतःच पश्चात्ताप व्यक्त केला होता.

स्वभावाचंही तेच. २०२२ मध्ये "सायन्स"मध्ये अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला, त्यात निम्म्याच्या आसपास मिश्र जातीची. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला फरक जातीवरून साधारण ९ टक्केच सांगता येतो असं निघालं. उरलेलं त्या कुत्र्याचं स्वतःचं, त्याच्या घराचं, वळणाचं.

मंदार


प्रेषक: प्राजक्ता
मंगळवार, दुपारी १:०२

सासूबाईंचा दम्याचा पंप बंद झालाय. तुझा अभ्यास तुझ्यापाशी.


प्रेषक: हेमंत
मंगळवार, दुपारी ३:३०

सचिन, भाड्याच्या घराचं कारण आता फारसं टिकत नाही. मार्च २०२० पासून घरमालकाला उगाच नाही म्हणता येत नाही. तू ठरलेल्या फॉर्मवर परवानगी मागायची, त्याला नको असेल तर १४ दिवसांत त्याने व्हीकॅटकडे (राज्याच्या न्यायाधिकरणाकडे) जायचं, गेला नाही तर संमती धरली जाते.

मी स्वतः घरमालक आहे, त्यामुळे हे पोटात दुखूनच सांगतोय. टारनेटच्या युनिटमधलं कार्पेट दोनदा बदललंय.

हेमंत


प्रेषक: सचिन
मंगळवार, संध्या. ६:१५

हेमंतदादा, आज ९ तारीख, त्यात १४ दिवस मिळव. अनघाताई तोवर पुण्यात पोचून आईंच्या फिजिओथेरपीला लागलेल्या असतील.


प्रेषक: केतकी
मंगळवार, रात्री ९:४५

मी प्राण्यांच्या क्लिनिकमधून आत्ता आले, एकदम वाचतेय. अनघा, उत्तर लांबलंय, पण बंड्या ज्याच्याकडे जाईल त्याने वाचावं.

मंदारचा अभ्यास बरोबर आहे, पण त्यातलंच अर्धं राहिलं. माणसाकडे लक्ष ठेवणं, सांगितलेलं उचलणं, हे गुण इतरांपेक्षा जातीशी जास्त बांधलेले निघाले. बंड्यात केल्पी भरपूर आहे हे सांगायला डीएनए टेस्ट नको. मान खाली, एक पाय अधांतरी, डोळे रोखलेले, आणि धावणाऱ्याच्या मागून न येता बाजूने वळसा घालून समोर येणं. केल्पीचं मूळ गाव कॅस्टरटन, तिकडच्या मेंढ्यांच्या कुत्र्यांना दीडशे वर्षं याचसाठी निवडलंय. तो रागावून पोरांच्या मागे गेला नव्हता. पण सचिन, स्मिताचं म्हणणं मला पूर्ण पटतं. टाचेला आणि पोटरीला चिमटा काढणं हा त्याच कामाचा भाग आहे, मेंढीला लोकर असते आणि ईशानच्या पायाला नसते. "तो खेळतोय" म्हणून सोडून द्यायचं नाही.

घरात लहान मुलं असतील तर: मध्ये बेबी गेट. मुलं धावायला लागली की बंड्या गेटच्या अलीकडे. मुलांना "झाड व्हा" शिकवायचं, म्हणजे थांबायचं, हात अंगाशी, नजर पायाकडे. हलणारं काही उरलं नाही की त्याला वळवायला काही उरत नाही. आणि चार वर्षांचं मूल आणि कुत्रा, कुठलाही कुत्रा, मोतीसुद्धा, एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय नको.

प्रत्येक जण "रोज दोनदा फिरवू" म्हणतो. याला पाय दमून भागत नाही, डोकं दमावं लागतं. सकाळचं खाणं वाटीत देऊच नका. अर्धं गवतात फेका, अर्धं जुन्या टॉवेलात गुंडाळून गाठ मारून द्या. वीस मिनिटं नाक खाली घालून शोधेल आणि नंतर झोपेल. चेंडू मात्र तासभर फेकत बसू नका. त्याने तो दमत नाही, आणखी चेकाळतो.

इथल्या डिसेंबरच्या उन्हाळ्यातल्या खास गोष्टी. वाळलेल्या गवताची कुसळं: फिरून आलं की चारही पंजे, बोटांच्या बेचक्या, कान बघायचे. बंड्याच्या बोटांत लॅबसारखे दाट केस आहेत, त्यात कुसळ शिरलं की कातडीतून आत चालत जातं. एकच पंजा सारखा चाटत बसला तर दवाखाना. चाळीस डिग्रीच्या दिवशी सकाळी सहाला फिरवा, संध्याकाळी डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघा, तुम्हाला ठेववली नाही तर त्यालाही नाही. स्केलेटन क्रीक ओढ्याच्या कडेने दोरी आखूड. टायगर स्नेक (इथला विषारी साप) चावला तर कुत्रा कधी कधी कोलमडतो आणि मिनिटाभरात उठून काही झालंच नाही असा चालायला लागतो. त्या उठण्यावर विश्वास ठेवू नका, तसंच उचलून न्या.

आता आपल्या घरांचं. शिऱ्यातले बेदाणे, मनुका, द्राक्षं अजिबात नाहीत. किती खाल्ल्यावर मूत्रपिंडं जातील हे कुत्र्यागणिक वेगळं असतं. खाल्लं कळलं की उलटीची वाट न बघता फोन. कांदा-लसूण घातलेली आमटी-भात "थोडासा" नाही. रक्ताच्या पेशी मोडतात आणि ते दिसतं दोन-चार दिवसांनी, हिरड्या पांढऱ्या पडल्यावर. साखर नसलेल्या च्युइंगगमातलं झायलिटॉल तर सगळ्यात वाईट. बिनमिठाचा दहीभात, उकडलेलं गाजर, साधी पोळी चालेल.

अनघा, चिपच्या नोंदीत दुसरा संपर्क म्हणून इथल्या कुणाचा तरी नंबर आजच घाल. ३१ च्या रात्री फटाक्यांनी कुत्री कुंपणावरून जातात आणि तुझा फोन पुण्यात असेल. लस शुक्रवारी आमच्याकडे देते, केनेलसाठी उशीर झाला तरी पार्कात उपयोगी आहे.

मी ठेवू शकत नाही, २० ते २८ माझी ड्युटी आहे. २९ पासून चालेल.

केतकी


प्रेषक: विद्याधर
बुधवार, सकाळी ५:४०

केतकी, माहिती उपयुक्त. मात्र आमच्या कुत्र्याने जन्मभर आमटी-भात खाल्ला.


प्रेषक: केतकी
बुधवार, सकाळी ७:१०

काका, आणि तो किती वर्षांचा होऊन गेला?


प्रेषक: शलाका (समिती)
बुधवार, सकाळी ९:००

मंडळी, ही लिस्ट कार्यक्रमांसाठी आहे याची नम्र आठवण. संक्रांतीच्या नाट्यछटा स्पर्धेला आत्तापर्यंत दोनच नावं आली आहेत आणि या धाग्याला डझनभर उत्तरं. तिळगुळासाठी सव्वा किलो तीळ कुणाकडे आहेत का?

शलाका


प्रेषक: अनघा
बुधवार, दुपारी १:३५

शलाका, तीळ माझ्याकडे आहेत, जायच्या आधी देते.

केतकी, नोंदीत तुझा नंबर घातला. २९ ते १० तुझ्याकडे, धरून चालते.

सचिन, स्मिताशी मी काल फोनवर बोलले. तिचं म्हणणं बरोबर आहे, मी तुम्हाला आग्रह करणार नाही. राहिला प्रश्न १४ ते २८ चा. त्याला दुसऱ्याच्या घरी नेण्यापेक्षा कुणी आमच्याकडेच येऊन राहिलं तर? आल्यावर पहिल्या वर्षी तो प्रत्येक नव्या दारात लघवी करायचा, स्वतःच्या घरात मात्र शहाणा असतो. वायफाय, एसी, ओटीटी सगळं आहे. कुकरच्या शिट्टीला भुंकतो, तिसऱ्या शिट्टीनंतर गप्प होतो. रात्री कॉटखाली झोपतो. पोस्टमनची मोटरसायकल त्याला आवडत नाही, त्यामुळे दुपारी पुढची खिडकी बंद. इतर काही नाही.

अनघा


प्रेषक: विद्याधर
बुधवार, दुपारी ४:२०

अनघा, मी वसुधाकाकू लिहितेय, यांच्या खात्यातून. ते वाचनालयात गेलेत.

आम्ही येतो दोघं. आमच्या घराचं बाथरूम १५ पासून उखडणार आहे, मी कुठे जायचं याच विचारात होते. यांना पहाटे पाचला जाग येते आणि मग ते मला उठवतात, त्यापेक्षा कुत्र्याला उठवू देत. दोरी मी त्यांच्या हातात देईन. पिकनिकचं मनावर घेऊ नकोस, घरी येऊन "सगळी पोरं एकदा तरी एका जागी गोळा झाली" असं हेच म्हणत होते.

दोन अटी. देवघरात तो येणार नाही. आणि केतकीने लिहिलेलं सगळं मोठ्या अक्षरात कागदावर काढून फ्रिजला लाव, कारण हे ऐकत नाहीत, वाचतात.

वसुधा


प्रेषक: अनघा
बुधवार, दुपारी ४:२८

काकू!! देवघर वरच्या मजल्यावर आहे, जिन्याला गेट आहे. शनिवारी चहाला या दोघंही, त्याची ओळख होऊ दे. काकांना म्हणावं, पहिल्या भेटीत वाकून डोक्यावरून हात फिरवायचा नाही. त्याच्याकडे बाजू करून बसायचं आणि त्याला येऊ द्यायचं.


प्रेषक: विद्याधर
बुधवार, रात्री ८:०५

माझ्या खात्यातून परस्पर उत्तर गेल्याचं आत्ता पाहिलं.

शनिवारी चारला येतो. दोरी कोणत्या प्रकारची आहे ते कळवणे. ती लांबत जाणारी पट्ट्याची मला चालणार नाही, साधी दीड-दोन मीटरची हवी.

विद्याधर


प्रेषक: प्राजक्ता
बुधवार, रात्री ८:३०

अनघा, मोतीची जुनी दोरी आहे, दोन मीटरची, सुती. शनिवारी आणून देते. मंदार, तुला उत्तर वेगळं लिहितेय, सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारून.