‘री ओढणे’, ‘भीड’ आणि ‘धाक’

प्रश्न : ‘पीअर प्रेशर’साठी ‘समवयस्कांचा दबाव’ असं छापलेलं दिसतं. आमच्या गुहागरकडे असं कुणी बोलत नाही. गावकीच्या बैठकीत मनात नसताना मान डोलावणारा ‘री ओढतो’. हाच शब्द वापरावा का?

उत्तर : अर्धंच काम होईल. री ओढणं गाण्यातलं. पुढच्याच्या मागून साथीदारांनी सूर धरायचा. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, बुवांमागचा कोरस करतो तेच. यातून माणूस काय करतो ते कळतं, का करतो ते नाही.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत एका प्रयोगात लोकांना गटात बसवून रेघांची लांबी ओळखायला लावली. उत्तर ढळढळीत होतं, पण आधी बोलणारे सगळे पढवलेले. अठरापैकी बारा वेळा ते एकमुखाने चुकीचं सांगत. खऱ्या सहभागींपैकी जवळपास तीन-चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी त्यांची री ओढली. नंतर विचारलं तर काहींना स्वतःच्या नजरेचीच शंका आलेली. काहींना बरोबर दिसत होतं, फक्त एकटं पडायचं नव्हतं.

या दुसऱ्यांसाठी आपल्याकडे ‘भीड’ आहे. ‘भिडेपोटी हो म्हटलं’ यात सगळं आलं. पहिल्यांचं वेगळं. पावसाळी बंदी उठल्यावर बंदरातून चार होड्या सुटल्या की पाचवा नाखवा म्हणतो, ‘गेले म्हणजे वारा बरा असणार.’ तिथे भीड नाही, दुसऱ्याच्या अंदाजावरचा भरवसा आहे. दोन्हींना ‘दबाव’ म्हणणं मला पटत नाही.

प्रतिसाद : भीड फार मऊ शब्द झाला हो. रायगड-रत्नागिरीत गावकीविरुद्ध गेलेल्या घरांना वाळीत टाकलंय : बोलणं बंद, दुकान बंद, लग्नाकार्याला कुणी यायचं नाही. तिथली मान भिडेने हलत नाही.

उत्तर : मान्य. तिथे ‘धाक’च म्हणा. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा जुलै २०१७पासून लागू झाला, तो या धाकासाठीच. भिडेवर कायदा करता येत नाही. भिडेवरचा उतारा मात्र अ‍ॅश यांच्याच प्रयोगात आहे. गटात एकच जण खरं बोलणारा बसवला, तर चुकीची उत्तरं चौथ्या हिश्श्यावर आली. उत्तर गुपचूप कागदावर लिहायला दिलं तेव्हाही री ओढणं बरंच घटलं. बैठकीत हात वर करायला लावण्याऐवजी चिठ्ठ्या टाकाव्यात, असं मी म्हणतो ते यासाठी.