गोधडीचा गोट मशीनवर मारला तर बिघडलं कुठे?

सुईदोरा: परवा भिशीत नातवाची गोधडी दाखवायला नेली. सगळ्यांचं छान छान झालं, तेवढ्यात एका काकूंनी कडेला शिवलेली पट्टी, म्हणजे गोट, उलटून बघितली आणि म्हणाल्या, "अगंबाई, गोट मशीनवर?" जणू मी सणाच्या पुरणपोळ्या विकत आणल्या होत्या! म्हणून इथे विचारते.

माझं मत असं की रोज अंगावर घ्यायची, वरचेवर वॉशिंग मशीनमध्ये जाणारी गोधडी असेल, तर गोट दोन्हीकडून मशीनवरच मारावा. हातशिलाईचा दोरा एकच. एका जागी तुटला की वीतभर उसवत जातो. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालच्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात. एक टाका गेला तरी शेजारचे धरून ठेवतात.

मी पट्टी अडीच इंच कापते, लांबीत दुमडून दुहेरी करते. आधी मागच्या बाजूने जोडते, मग पुढे उलटवून कडेलगत टीप. बऱ्याच जणी उलट करतात आणि मग मागची टीप पट्टीवरून घसरते, कारण ती दिसतच नाही. 60 बाय 90 ची गोधडी असेल तर घेर 300 इंच, जोडायला वर 12. 44 पन्ह्याच्या कापडातून 8 पट्ट्या पुरतात, म्हणजे 20 इंच कापड. पट्ट्या एकमेकींना तिरप्या जोडायच्या, नाहीतर सगळी जाडी एकाच जागी येते आणि तिथे मशीन अडतं.

टाके मोजणारी: अजिबात पटलं नाही. तुमची गोधडी नव्या कापडाची असणार. माझ्याकडे आजेसासूबाईंच्या सुती लुगड्यांची आहे, हाताला सायीसारखी लागते. तिच्यावर हौसेनं मशीन चालवलं. सुईनं टपालाच्या तिकिटांसारखी ओळीनं भोकं पाडली, दोन हिवाळ्यांत पट्टी धडधाकट आणि लुगडं त्या रेघेवर फाटलेलं. शिवाय गोट हा झिजायलाच असतो, कधीतरी बदलावाच लागतो. हातचा गोट मी एका दुपारी उसवते. मशीनची टीप उसवून बघा म्हणजे कळेल.

सुईदोरा: टाका बारीक ठेवला असणार. 3 मिलिमीटर ठेवा, सुई 14 नंबरची. बारीक टाका म्हणजे मजबूत शिलाई, हा आपल्याकडचा जुना गैरसमज आहे. लुगड्याचं मात्र मान्य.

शीतलामाता बाजारवाला: मी कापड विकतो, शिवत नाही, तरी बोलतो. तुम्ही दोघी टाक्यांवरून भांडताय, पण गोट जातो तो घडीवर. घरी जाऊन गोधडीची उशाकडची कड बघा. शिलाई जागच्या जागी आणि घडीवर सुतं निघालेली. सरळ कापलेल्या पट्टीत घडीवरची तीच एक-दोन सुतं सगळी झीज सोसतात. उरेब, म्हणजे तिरप्या कापलेल्या पट्टीत सुतं घडीला तिरपी जातात, झीज वाटली जाते. पण उरेबला कापड जास्त लागतं म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, "रहने दो भिया, सीधा ही काट दो." आणि पॉपलिन आधी धुवून घ्या. नंतर आटलं की कडेची झालर होते.

टाके मोजणारी: दादा, उरेब पट्टी ताणते ना! मशीनवर जरा ओढली गेली की कड लाटा मारते. हातात धरून लावली तर बोटांना कळतं.

सुईदोरा: लाटांना उरेब एकटी जबाबदार नाही. मशीनचे खालचे दाते खालचा थर पुढे ओढतात, वरचा मागे राहतो. वरचा थरही सोबत पुढे सरकवणारा वॉकिंग फूट लावा. जुन्या काळ्या मशीनला तो नसेल तर वरचा स्क्रू सैल करून फूटचा दाब कमी करा.

एबी रोडवरची: माझं रडगाणं कोपऱ्यांचं. टेलरकडे दिली होती, त्यानं प्रत्येक कोपऱ्यात पट्टी कापून जोडली. पहिल्याच धुण्यात चारपैकी तीन कोपरे उघडले.

सुईदोरा: कापायचीच नाही. टीप कडेपासून जेवढ्या अंतरावर चालली आहे, तेवढंच कोपऱ्याच्या आधी थांबायचं. दोरा तोडायचा, पट्टी 45 अंशांत वर दुमडायची, मग कडेशी घडी जुळवून खाली आणायची आणि पुन्हा कडेपासून सुरू. कोपऱ्याच्या घडीत मी हातानं चार टाके घालते.

टाके मोजणारी: म्हणजे शेवटी हातानंच!

सुईदोरा: चार टाके म्हटलं, 300 इंच नाही.

भिशीतली काकू: ती अगंबाई मीच. मशीनला मी कशाला नावं ठेवू, माझ्या लेकीच्या सगळ्या गोधड्या मशीनवरच्या आहेत. तुझी पुढची टीप सुरेख आहे. पण मागे तांबड्या पट्टीवर पांढरा दोरा पार दारातून दिसत होता. बॉबिनमध्ये तांबडा भरायला किती वेळ लागतो गं?

सुईदोरा: काकू… बॉबिन आधीचीच भरलेली होती. आळस केला.