टाटा ४०७ : इंजिन बदलल्यावर आयडलिंगला दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग (ठोका चुकतोय). पंप खोलावा की हेड? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. उन्हाळी कांदा निघायला पंधरा दिवस राहिलेत आणि गाडी मनासारखी चालत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी १९९९ ची, वडिलांनी नवी घेतलेली. ओतूरला कांदा भरायचा, माळशेज उतरायचा, वाशीला खाली करून रात्रीतच परत फिरायचं. इतकी वर्षं याच गाडीवर घर चाललं. संक्रांतीच्या सुमारास कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भगदाड पडलं. गाडी विकून टाक असं बऱ्याच जणांनी सांगितलं, पण माझं मन होईना. अपघातात चेपलेल्या दुसऱ्या ४०७ चं इंजिन मिळालं, ते बसवलं. दोन्ही इंजिनं एकाच जातीची, बिनटर्बो ४९७ (४ सिलिंडर, ९७ मिमी बोअर, २९५६ सीसी), त्यामुळे गिअरबॉक्स, क्लच, मौंटिंग काही कापाकापी न करता बसलं. नवा इंजिन नंबर आरसी बुकावर चढवून घेतलाय.

त्रास असा. सकाळी थंड इंजिनाला सेल मारला की उचलायला वेळ घेतं आणि पुढची पाच मिनिटं पांढरा धूर सोडतं. डोळे चुरचुरतात, कच्च्या डिझेलचा वास येतो. आयडलिंगला (गाडी उभी, रेस न देता) ठरावीक एक ठोका चुकतो. कॅबिनच्या काचा थरथरतात, गिअरचा दांडा गोल गोल फिरत राहतो. रेस थोडी वाढवली की सगळं गुळगुळीत. दोन खेपा मारून पाहिल्या, रिकामी गाडी माळशेज तिसऱ्या गिअरला व्यवस्थित ओढते. आयडलिंगलाच काय ते दुखणं आहे.

आधी वाटलं मौंटिंगचे रबर (इंजिन ज्यावर बसतं ते). चारही नवे टाकले, थरथर थोडी कमी झाली, ठोका चुकायचा तो चुकतोच. मग डिझेल फिल्टर बदलले, हँड पंपाने एअर काढली. टाकीकडून येणाऱ्या लाइनमध्ये वीतभर पारदर्शक नळी घालून अर्धा तास बघत बसलो, एकही बुडबुडा नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर मापाने धरून घेतले.

मग आयडलिंगला नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते) पाइपांचे नट एकेक करून ढिले केले, म्हणजे त्या त्या सिलिंडरचं डिझेल तोडलं. एक, तीन आणि चार नंबरला इंजिन बसायला (बंद पडायला) होतं. दोन नंबरचा ढिला केला तर जेमतेम फरक. म्हणजे दोन नंबरच काम करत नाही. (हे कुणी करणार असेल तर चिंधी गुंडाळून करा, हात पुढे नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.) दोन आणि तीनची नोझलं आपसात बदलली. मिसिंग दोनवरच राहिली, म्हणून नोझल चांगलं असं धरलं.

आता प्रश्न पंप (नोझलला दाबाने डिझेल पाठवणारा) की कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं)? मिस्त्री म्हणतात हेड (सिलिंडरवरचं झाकण) उचलू. माझ्या जुन्या इंजिनाचा पंप चांगला होता, तो घरात पडून आहे. तो चढवून बघावा का? टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) पुन्हा धरावं लागेल, आणि दोन्ही कामांचे पैसे एकदम नाहीत. आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद (पंप-नोझलचं काम करतो)

दादा, हेड इतक्यात उचलू नका. मिसिंग गरम झाल्यावर कमी होते का, ते आधी बघा. कॉम्प्रेशन गळत असेल तर इंजिन तापल्यावर पुष्कळ सुधारतं, तेल टाकायच्या झाकणातून फुसफुस धूरही येतो. पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (नोझलच्या पाइपात डिझेल सोडणारी झडप) गळत असेल तर थंड-गरम दोन्हीला सारखंच राहतं. आयडलिंगला डिझेल इतकं थोडं जातं की जराशी गळतीही कळते, रेसला ती झाकली जाते.

आणि नोझल बदललंत तेव्हा खालचा तांब्याचा वायसर (चकती) बाहेर आला होता का? तो पुष्कळदा हेडच्या भोकातच चिकटून राहतो. तुम्ही नोझल हलवलंत, पण भोकातलं जे काही होतं ते तिथेच राहिलं. त्यामुळे नोझल संशयातून सुटलं, नोझलची बैठक सुटलेली नाही. टॉर्च मारून बघा.

धागाकर्ता

आत्ताच गॅरेजमधून आलो. गरम झाल्यावर फरक नव्हता, झाकणातून धूरही नव्हता, म्हणून पंपच म्हणत होतो. तरी आधी दोनचं नोझल काढलं. नोझलबरोबर एक वायसर आला. टॉर्च मारली तर आत काजळीने काळा पडलेला आणखी एक, भोकाच्या तळाशी घट्ट बसलेला. आकडा वाकवून काढायला पाऊण तास लागला. आधीच्या कुणीतरी जुना न काढताच वर नवा घातला होता, नोझल तेवढं वर उचललं गेलं होतं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत जिथे पडायचा तिथे पडत नव्हता. बैठक घासून साफ केली, एकच वायसर घालून नोझल बसवलं.

ठोका आता चुकत नाही. पाइप ढिला केला की दोन नंबरलाही इंजिन बसायला होतं. दादा, तुमचे फार उपकार झाले, हेडचा खर्च वाचला.

आता बाकीची तीन भोकंही उद्या बघतो. तांब्याचे वायसर लाल तापवून पाण्यात बुडवून पुन्हा वापरतात असं मिस्त्री सांगतात. चालेल का, की चारही नवेच घालू? आणि जाडी जुन्याला मोजून घेतली तर पुरे ना? जुना दाबून चपटा झालाय.

प्रतिसाद (पंप-नोझलचं काम करतो)

नवेच घाला, चहाच्या पैशात येतात. जुना मोजू नका, तुमच्या नोझलचा नंबर सांगून घ्या. तो बॉडीवर कोरलेला असतो.