पंचांगातील ‘चंद्रदर्शन’ आणि भाऊबीजेची न दिसणारी कोर

घोडबंदरकर
नमस्कार. सासूबाईंना भाऊ नाही, त्यामुळे भाऊबीजेला त्या चंद्राला ओवाळतात आणि पदराची एक दशी काढून ‘जुने घे, नवे दे’ म्हणत त्याला वाहतात. ठाण्यात मानपाड्याला राहायला आल्यापासून मात्र कोर दिसतच नाही. येऊरच्या डोंगराआड ती केव्हा जाते ते कळत नाही आणि निरांजन तेवढे वाऱ्याने विझते. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्याच गच्चीवरून कोर ठसठशीत दिसते. असे का व्हावे? शिवाय पंचांगात चंद्रदर्शन, म्हणजे अमावास्येनंतर पहिली कोर दिसणे, कधी प्रतिपदेला, तर कधी द्वितीयेला का असते आणि त्यापुढे छापलेले ‘मु. ३०, साम्यार्घ’ म्हणजे काय?

खाडीकाठ
दोष डोंगराइतकाच ऋतूचाही आहे. चैत्रात सूर्यास्ताच्या वेळी क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला भासमान मार्ग; चंद्रही त्याच्या जवळूनच फिरतो) आपल्याकडे पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभे असते, त्यामुळे चंद्र मावळत्या सूर्याच्या थेट वर राहतो आणि कोर होडीसारखी आडवी दिसते. कार्तिकात तेच क्रांतिवृत्त दक्षिणेकडे कलून क्षितिजाशी सुमारे ५० अंशांचाच कोन करते. सूर्यापासून अंतर तितकेच असले तरी चंद्र बराच खाली राहतो आणि संधिप्रकाश ओसरेपर्यंत मावळतीला टेकतो. भाऊबीजेला सूर्य मावळला त्या जागेच्या डावीकडे, नैर्ऋत्येला पाहावे. पुष्कळ जण सरळ समोर शोधत बसतात.

तिथीचे म्हणाल, तर सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात चंद्र दिसू लागण्यासाठी सूर्यापासून १२ अंशांचे अंतर सांगितले आहे आणि एक तिथीही १२ अंशांचीच असते. प्रतिपदा सूर्यास्तापूर्वी बरीच आधी संपली, तर त्याच संध्याकाळी कोर दिसू शकते, मात्र दिवसाची तिथी सूर्योदयावरून धरली जात असल्याने पंचांगात ती नोंद प्रतिपदेसमोर येते.

जुने पंचांग
‘मु.’ म्हणजे मुहूर्त; इथे शुभवेळ नव्हे, तर कालमापनाचे एकक. दर्शनाच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो, त्याचे परंपरागत मान १५, ३० किंवा ४५ मुहूर्त धरतात. आर्द्रा, स्वाती यांसारखी सहा नक्षत्रे १५ मुहूर्तांची, म्हणून महर्घ, म्हणजे महागाई; रोहिणी, विशाखा आदी सहा ४५ मुहूर्तांची, म्हणून समर्घ, म्हणजे स्वस्ताई; उरलेली सर्व ३० मुहूर्तांची, म्हणून साम्यार्घ, म्हणजे भाव स्थिर. धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी केलेले हे भाकीत आहे. आज त्यावर भाजी कोणी घेत नसावे.

घोडबंदरकर
मनःपूर्वक आभार. कोर दिसलीच नाही, तर ओवाळणे अपुरे राहते का, अशी सासूबाईंची शंका आहे.

जुने पंचांग
मुळीच नाही. आपला महिना गणिताने अमावास्या संपताच सुरू होतो, कोर दिसण्यावर तो अवलंबून नसतो. आमच्याकडे ढग असले की नैर्ऋत्येला तोंड करून ओवाळतात.

खाडीकाठ
आणि डोळ्यांनी पाहायचीच असेल, तर सूर्यास्तापूर्वी वाशीच्या मिनी सी-शोरवर या. पश्चिमेला खाडीचे पाणी असल्याने क्षितिज बरेच मोकळे आहे. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी शोधायला लागा.