तोंड वाकडं होण्यावरचं चिनी चूर्ण 'छ्येन-चंग-सान': मात्रा, शोधन, धोके

खलबत्ता
अर्दितावरचे, म्हणजे तोंड वाकडं होण्यावरचे, योग (औषधांची मिश्रणं) चाळताना चिनी वैद्यकातल्या छ्येन-चंग-सानचं नाव सारखं समोर येतं. बाय-फू-झी, जियांग-त्सान आणि छ्वान-श्ये (विंचू) ही तीन द्रव्यं समभाग, यापलीकडे बहुतेक ठिकाणी काही लिहिलेलं नसतं. मूळ पाठात मात्रा आणि अनुपान (औषध कशातून घ्यायचं ते) काय आहे? बाय-फू-झी आपल्या वचनागातलंच का? आणि कोणाला देऊच नये?

सुंठमिरे
दक्षिण सुंग काळात यांग तानने ११७८ साली संकलित केलेल्या, यांग घराण्याच्या योगसंग्रहातला हा योग आहे. तिन्ही द्रव्यं सारखी घ्यायची, वस्त्रगाळ चूर्ण करायचं आणि एका वेळी एक 'छ्येन' गरम मद्यातून द्यायचं. आजच्या हिशेबाने ही मात्रा ३ ते ४ ग्रॅम होते. गरम मद्य औषध वर, चेहऱ्याकडे नेतं अशी त्यामागची समजूत.

काढा करायचा तर सध्याच्या चिनी प्रघाताप्रमाणे दिवसाला बाय-फू-झी ३ ते ६, जियांग-त्सान ५ ते १०, छ्वान-श्ये ३ ते ६ ग्रॅम असं प्रमाण असतं. विंचू महाग, शिवाय उकळून वाया जातो असं मानतात, म्हणून अनेक वैद्य त्याचं चूर्ण वेगळं देतात: एका वेळी ०.६ ते १ ग्रॅम.

थंड वारा लागल्यावर अचानक तोंड वाकडं झालं, जिभेवर पांढरा थर आहे, अशा वात-कफाच्या रुग्णासाठी हा योग. तिन्ही द्रव्यं कोरडी, त्यातलं बाय-फू-झी तर चांगलंच उष्ण. त्यामुळे अंगात उष्णता असलेल्या, शुष्क प्रकृतीच्या किंवा फार अशक्त रुग्णात चिनी वैद्यही तो टाळतात. गरोदर बाईला तर अजिबात नाही.

रानहळद
वचनागाच्या प्रश्नात खरी गोम आहे. बाय-फू-झी या एका नावाखाली बाजारात दोन वेगळी द्रव्यं येतात. चिनी औषधकोशातलं अधिकृत द्रव्य म्हणजे टायफोनियम जायगँटियम, आपल्या सुरण-अळूच्या कुळातला कंद. त्याला यू-बाय-फू म्हणतात. दुसरं ईशान्य चीनमधलं ग्वान-बाय-फू. ते अ‍ॅकोनिटम कोरियानम, म्हणजे वचनागाच्याच प्रजातीतलं. आणि नुसतं 'फू-झी' मागितलं तर तिसरंच मिळतं, अ‍ॅकोनिटम कार्मायकेली. त्यातला अ‍ॅकोनिटीन हा विषारी घटक थेट हृदयाचे ठोके बिघडवतो. पुडीवर वनस्पतिशास्त्रीय नाव नसेल तर माल घेऊ नका.

यू-बाय-फू अंडाकृती असतो, २ ते ५ सेंटिमीटर, पांढरट-पिवळसर. कापल्यावर आत पिठूळ पांढरा. ग्वान-बाय-फू लांबुळका आणि तपकिरी. कापून वाळवलेल्या चकत्यांत मात्र हा फरक नुसत्या डोळ्यांना भरवशाने कळत नाही.

जियांग-त्सान म्हणजे ब्यूव्हेरिया बुरशीने मेलेला रेशीमकिडा. आपल्याकडचे रेशीम उत्पादक ज्या पांढऱ्या मस्कार्डिनला घाबरतात, तोच रोग तिथे मुद्दाम लावतात! अळी मोडून बघा: बाहेर पांढरा थर, मध्ये चकचकीत तपकिरी किंवा काळी अशी रेशीमग्रंथींची चार कडी दिसली पाहिजेत. दुसऱ्या कशाने मेलेल्या अळ्यांना चुना फासून विकतात, त्यांत ही खूण नसते. वापरण्याआधी गव्हाच्या कोंड्यावर परततात, १०० किलोला १० किलो कोंडा. त्याने उग्र वास जातो.

खलबत्ता
मूळ पाठात तिन्ही द्रव्यं कच्ची घ्या असं आहे ना? मग बाय-फू-झीचं शोधन (विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया) करतात ते कशाला?

रानहळद
पाठात तसं आहे खरं. पण आज कच्चा कंद फक्त बाहेरून लावण्यासाठी ठेवतात. पोटात गेला तर तोंड-घसा जळतो, जीभ सुजते. सुरण खाजतो तसंच, पण कितीतरी जास्त.

शोधन असं: कंद पाण्यात भिजवायचे, दिवसातून दोन-तीनदा पाणी बदलायचं. काही दिवसांनी चिकट फेस आला तर १०० किलोला २ किलो तुरटी घालून एक दिवस ठेवायचं आणि पुन्हा पाणी बदलायचं. मग आलं आणि तुरटी प्रत्येकी १२.५ किलो घालून उकळायचं, आतला पांढरा गाभा नाहीसा होईपर्यंत. गाभा उरला तर शोधन अर्धवट. हे घरच्या पातेल्यात करायचं काम नव्हे.

डॉ_सातवीनस
रुग्ण समोर असेल तर चूर्णाआधी कपाळ बघा. आठ्या पडत नाहीत, डोळा मिटत नाही आणि तोंडही वाकडं, म्हणजे सातव्या, चेहऱ्याच्या नसेचा बिघाड, बहुधा बेल्स पाल्सी. आठ्या नीट पडतात पण तोंड वाकडं, हात-पाय किंवा बोलणं अडखळतंय, तर पक्षाघात समजून तडक १०८. आठ्या पडत नसल्या तरी हात-पाय किंवा बोलण्याची तक्रार जोडीला असेल तर तेच. कानात फोड असतील तर नागिणीचा प्रकार, त्यालाही डॉक्टर लागतोच.

बेल्समध्ये प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू झालं पाहिजे. स्कॉटलंडमधल्या २००७ च्या चाचणीत २५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस दिलं होतं. नऊ महिन्यांनी ९४.४ टक्के पूर्ण बरे, न दिलेल्यांत ८१.६. मधुमेह असेल तर साखर चढते, डोस डॉक्टरच ठरवतील. डेन्मार्कमधल्या मोठ्या पाहणीत काहीच उपचार न करता ७१ टक्के पूर्ण बरे झाले होते, हे लक्षात घ्या. म्हणूनच कुठल्याही चूर्णाचा 'गुण' सहज येतो. तुलनेचा गट नसेल तर त्या दाव्याला माझ्या लेखी किंमत नाही.

डोळा मात्र कोणी विसरू नये. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम घालून पापणी मिटवून वरून चिकटपट्टी. उघड्या डोळ्यावर नुसती कापसाची घडी ठेवली तर ती बुबुळावर घासते.

सुंठमिरे
विंचवाचं राहिलं. बाजारातला छ्वान-श्ये बहुतेक मिठाच्या पाण्यात उकडून वाळवलेला असतो, त्यामुळे वजनात मीठही मोजलं जातं. अंगावर मिठाचे स्फटिक दिसत असतील तर पाण्यात भिजवून मीठ काढा आणि पूर्ण वाळवूनच तोला, नाहीतर 'समभाग' चुकतो. पोट मातीने भरलेला जड माल घेऊ नका. वसंतात, खायला लागण्याआधी पकडलेला विंचू त्यासाठीच चांगला मानतात. आणि स्टेरॉइड चालू असताना मद्याचं अनुपान नको.