जुना बकल, पापणीखाली फुगवटा आणि दोन-दोन दिसणं: कोणाला दाखवावं?

अनुजा: काकांच्या डाव्या डोळ्याचा पडदा (रेटिना) सुटल्यावर 1988 साली अमेरिकेत बकल, म्हणजे पडदा जागी टेकावा म्हणून डोळ्याला बाहेरून लावतात तो तुकडा किंवा पट्टी, बसवला होता. आता वरच्या पापणीखाली मऊ फुगवटा आहे आणि वर बघताना दोन-दोन दिसतं. सीटीच्या रिपोर्टवर ‘सिस्ट?’ लिहिलंय. बायोप्सी करावी का?

तिसरा_डोळा: थांबा! ते साल आणि ती लक्षणं बघता पहिला संशय हायड्रोजेल बकलचा. मिराजेल नावाने 80च्या दशकात तो मिळायचा, 90च्या दशकात बंद झाला. हे जेल वर्षानुवर्षं पाणी शोषून फुगत राहतं, त्रास दहा-वीस वर्षांनीही सुरू होतो. फुगलेला तुकडा डोळा हलवणाऱ्या स्नायूंना ढकलतो, म्हणून दोन दिसतात. एमआरआयच्या टी-2 चित्रात तो पाण्यासारखा पांढराशुभ्र दिसतो. रेडिओलॉजिस्टला जुन्या ऑपरेशनबद्दल लेखी सांगा, नाहीतर गाठ म्हणूनच वाचलं जाईल.

बुबुळ: जुनी ऑपरेशन नोट मिळते का बघा. त्यात ‘240’ असेल तर ती सिलिकॉनची 2.5 मिमी रुंद पट्टी. सिलिकॉन फुगत नाही. त्याचे त्रास वेगळे: डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण झिजून पट्टी उघडी पडते, चिकट स्राव येतो, जंतुसंसर्ग होतो. पण एकाच डोळ्यात पट्टी आणि वेगळा हायड्रोजेलचा तुकडा दोन्ही असू शकतात, त्यामुळे नुसता ‘240’ वाचून निर्धास्त होऊ नका.

अनुजा: मग काढूनच टाकायचा का?

तिसरा_डोळा: त्रास नसेल तर हात लावत नाहीत. इथे त्रास आहे, पण काढणं सोपं नाही. जुनं जेल चिमट्यात धरलं की भिजलेल्या साबुदाण्यासारखं चुरतं, म्हणून क्रायोप्रोबने (अतिथंड टोकाच्या उपकरणाने) गोठवून किंवा सक्शनने काढतात. खालचा स्क्लेरा (डोळ्याचं पांढरं कवच) पातळ झालेला असतो, भोक पडू शकतं, पडदा पुन्हा सुटू शकतो. रेटिना सर्जन हवाच, शक्यतो ऑक्युलोप्लास्टीवालाही (पापणी आणि डोळ्याच्या खोबणीचा सर्जन) सोबत.

बुबुळ: आणि काढल्यावर दुहेरी दिसणं लगेच जाईल असं धरून चालू नका. स्नायूंभोवती व्रण असतात. आधी प्रिझमचा चष्मा, तिरळेपणाचं मोजमाप स्थिरावल्यावर गरज पडली तर तिरळेपणाचं ऑपरेशन. मधल्या काळात चमका, नवे काळे ठिपके किंवा कडेने सावली आली तर त्याच दिवशी पडदा तपासून घ्या.